घड्याळवाल्या काकांची निळी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे. निळी आपलं म्हणायचं! उजवं दार पांढरं आहे, कारण भंगारात तेवढंच मिळालं.

कारखान्यातून निघाले तेव्हा अंगावर नजर ठरत नव्हती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला घेतलं. त्यांचं दुकान जिन्याखाली, जेमतेम एका खुर्चीचं. मला घरी आणलं त्या दिवशी काकूंनी अख्ख्या गल्लीला चहा पाजला. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती, पण शेजारी बसून काकांना शिकवायच्या मात्र त्याच. "अहो, हळू! कोणी मागे लागलंय का तुमच्या?" बारा वर्षं मी रस्त्यात कधी दगा दिला नाही. काकू टपावर थाप मारून म्हणायच्या, "गुणाची आहे पोर."

मग काकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि हॉस्पिटल नदीपलीकडे पस्तीस किलोमीटरवर. तिथे मशीनची वेळ ठरलेली असते. ती चुकली की नंबर दुसऱ्याला.

नेमकी तेव्हाच माझी हाडं कुरकुरू लागली. आधी क्लच गेला, मग रेडिएटर गळू लागला. दर वेळी काका म्हणायचे, "एवढं एक केलं की झालं." एक चाक बदललं की बंद घड्याळ टिकटिक करतं, तसंच माझंही होईल असं त्यांना वाटे. चाळीस वर्षांत त्यांनी एकही घड्याळ 'होणार नाही' म्हणून परत केलं नव्हतं. त्याचा केवढा अभिमान त्यांना!

एकदा लेक कागद घेऊन बसली. "बाबा, वर्षभरात हिच्यावर घातलेत तेवढ्यात बरी वापरलेली गाडी आली असती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

गॅरेजवाला मिस्त्रीही म्हणाला, "काका, इंजिन खोललंत तर पैसे पाण्यात. वाटेत कधीही बसेल ही."

ऐका हो त्यांचं, मला सोडा, असं मी मनात ओरडत होते. पण मला कुठली जीभ!

काका भडकले. "जुनी झाली म्हणून टाकून द्यायची? उद्या तुझ्या आईलाही टाक म्हणशील!" लेकीने कागद घडी घालून ठेवून दिला. दुसऱ्या गाडीसाठी साठवलेले पैसे माझ्या इंजिनात गेले.

पहिल्याच फेरीला, पुलाच्या मध्यावर, माझ्या बॉनेटमधून वाफ निघाली. मी जीव तोडून ओढलं, मित्रांनो. नाही जमलं. काकू सुजलेल्या पायांनी कठड्याला टेकून उभ्या होत्या. तीन तासांनी एका टेम्पोवाल्याने त्यांना हॉस्पिटलात नेलं, तोवर नंबर गेला होता. संध्याकाळी परत येताना त्याच टेम्पोने दोर बांधून मला घरी ओढत आणलं. काकू माझ्यातच बसल्या होत्या.

"आता मला नेऊ नका," त्या म्हणाल्या. "किती जणांना ओढायला लावायचं?"

दोन दिवसांनी लेकीने टॅक्सी आणून दारात उभी केली. काकू उठल्याच नाहीत. "नको गं बाई, पुरे." महिना पुरा व्हायच्या आत त्या गेल्या.

यात माझा दोष किती, ते मला कळत नाही. वाईट मात्र फार वाटतं.

मित्रांनो, वस्तू जपा, वेळेवर तेलपाणी करा, हे मी सांगायलाच हवं. पण एखादी थकली की तिला निरोप द्या हो. आमच्यावर माया करता करता घरचं माणूस रस्त्यात उभं राहू नये. मला हे कळलं, पण काकांना कोण सांगणार? भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा त्यांनी त्याला हाकलून लावलं. लेक बोलून बोलून थकली.

काल काकांनी माझ्यात नवी बॅटरी बसवली. शेजारची सीट ओल्या फडक्याने पुसली, त्या बाजूचं दार उघडलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत बसले.