डाव्या डोळ्याचा पांढरा

"बोला मामा, कोनता मारू?" रंगारी गुरुपादप्पानं रोलर बादलीवर आडवा ठेवला आणि व्यंकटरावांकडे पाहिलं.

लातूरच्या त्या घराच्या बैठकीत भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढलेले होते. एक बदामी, शिवकन्याबाईंच्या पसंतीचा. दुसरा व्यंकटरावांनी दीड महिन्यापूर्वी शेडकार्डावर बोट ठेवून निवडलेला पांढरा. हा पांढरा नाही, फिकट आभाळी आहे, असं बायको तेव्हाच म्हणाली होती. दुकानदारही तेच म्हणाला. व्यंकटराव दोघांनाही हसले होते. डाळमिलमध्ये एकतीस वर्षं त्यांनी तूरडाळीचा रंग बघून माल पास केला होता. मालकानंही कधी उलटा शब्द काढला नव्हता. त्यांना रंग शिकवणार कोण?

मधल्या काळात ऑपरेशन करून त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता; डाव्याचा अजून बाकी होता.

त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं. चक्क आभाळी. मग उजव्या डोळ्यापुढे अलगद तळहात धरला. पट्टा पांढरा झाला. तळहात डाव्या डोळ्यापुढे नेला. पुन्हा आभाळी.

"मामा, भिंतीला डोळा मारायलाव का?"

"मारू द्या," स्वयंपाकघरातून शिवकन्याबाई म्हणाल्या. "मला तर कधी मारला न्हाई."

व्यंकटराव हसले नाहीत. मोतीबिंदूचा पिवळेपणा इतका हळू चढतो की माणसाला पत्ताच लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे मिलमधल्या शेवटच्या वर्षांत फिकी डाळही त्यांना पिवळीधमक दिसत असणार. ते स्टुलावर बसले.

"अगं, मी वाईट माल पास केला असंल का?"

शिवकन्याबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी थट्टा आवरली.

"शेवटची वरसं तुम्ही दाना दातानं फोडून बघत होताव. दाढ दुखती म्हनून रोज संध्याकाळी माझा जीव खात होताव. डोळ्याचं काई खरं न्हाई, हे तुमच्या दाताला लई आधी कळलं व्हतं."

व्यंकटरावांनी जिभेनं दाढ चाचपली. हे मात्र खरं होतं. ते उठले.

"गुरुपादप्पा, बदामीच मार. माझा आभाळीच हाय. चुकलो मी."

रंगाच्या बाबतीत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. शिवकन्याबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

रोलर आभाळी पट्ट्यापाशी आला तेव्हा व्यंकटरावांनी हात आडवा केला.

"एवढा राहू दे. डाव्या डोळ्याला तो अजून पांढरा दिसायलाय."

"आनि त्याचं बी आपरेशन झाल्यावर?"

"मग मारून टाक. म्हैनाभर तर हाय."

गुरुपादप्पानं रोलर बाजूला ठेवला, लहान ब्रश घेतला आणि कडा सरळ धरत बदामी रंग पट्ट्याच्या भोवतीनं नेला.