पाचाच्या आतला आकडा

मी एक जुनी फाईल आहे, मित्रांनो. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, एखाद्या बड्या साहेबाच्या टेबलावर मिरवीन. नशिबी आलं शिवणकामाचं दुकान! तिथल्या शिंपी मास्तरांच्या पोटात कॅन्सर निघाला, ऑपरेशन करून जठराचा मोठा भाग काढून टाकला, आणि त्यांचे कागद ठेवायला काकूंनी मला विकत आणलं. काकू म्हणजे मास्तरांच्या पत्नी. दुकानातली काजं-बटणं त्यांच्याकडे.

दर तीन महिन्यांनी रक्त तपासा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रक्तात सीईए नावाचा एक पदार्थ असतो. आजार परत डोकं वर काढू लागला, की पुष्कळदा त्याचा आकडा वाढतो. पाचाच्या आत असला, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं. ऑपरेशनआधी मास्तरांचा आकडा अठरा होता, नंतर दीडवर उतरला. त्या दिवशी मास्तरांनी येईल त्या गिऱ्हाइकाला मला उघडून दाखवलं. माझा ऊर भरून आला होता.

मग कौतुक ओसरलं. मास्तरांनी पुढचा रिपोर्ट खिशात घडी घालून आणला, माझ्यात खुपसला आणि मला मशिनच्या खणात टाकलं. आकडा अडीच होता. मास्तर मुळात शिवणारे! शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला ते माया म्हणतात. अंग भरलं तर उसवून कपडा वाढवता येतो. “पाचाला अजून अडीच बाकी आहेत,” ते काकूंना म्हणाले. “भरपूर माया आहे. काळजी कशाला?” मला तोंड असतं, तर मी तेव्हाच बोंब मारली असती.

पुढचा रिपोर्ट आणायला काकू गेल्या आणि बरोबर मला घेऊन गेल्या. लॅबमध्ये खिडकीवर एक ताई बसायची. “काकू, मागचे आहेत का? दाखवा बघू,” म्हणत तिने माझ्यातले कागद ओळीने मांडले. मागची रांग कुरकुरली. ताई ढिम्म हलली नाही.

“नॉर्मल आहे ना गं?” काकूंनी विचारलं.

“छापलंय तसं. पण हे बघा, दीड, अडीच, आता पावणेचार. चढतोच आहे. मी काही डॉक्टर नाही, पण पुढच्या तारखेची वाट बघू नका. आजच दाखवा.”

दुकानात शाळेचे सत्तर गणवेश पडले होते. “अगं, ठणठणीत आहे मी,” मास्तर म्हणाले. “हे उरकू दे, आठवड्याने जाऊ.”

काकू कधी वाद घालायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी सुईखालचं कापड ओढून घेतलं. “गणवेश मी शिवते. तुम्ही चपला घाला.”

डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासलं. आकडा तसाच. “नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही,” ते म्हणाले. “तो दुसऱ्या कारणानेही वाढतो, आणि कधी आजार असूनही वाढत नाही. म्हणून स्कॅन करू.” स्कॅनमध्ये यकृतावर एकच ठिपका दिसला. “लहान आहे, काढता येईल. पूर्ण बरं होईल असं वचन देत नाही. पण वेळेवर आलात.” बाहेर बाकावर काकूंनी मला छातीशी धरलं आणि त्या पोटभर रडल्या.

दुसरं ऑपरेशन झालं, औषधं झाली. मास्तरांचे केस गेले, चिडचिड वाढली. गणवेश मात्र वेळेवर पोचले. आज आकडा पुन्हा दीड आला, आणि लॅबच्या खिडकीपाशी मास्तर काकूंना हळूच म्हणाले, “त्या दिवशी तू उठवलं नसतंस तर?”

“बसला असतात मशिनला चिकटून,” काकू म्हणाल्या. “चला, काजं राहिलीत.” आणि त्यांनी नवा कागद माझ्यात जपून लावला.

मित्रांनो, त्या ताईचं आणि काकूंचं मला फार कौतुक वाटतं. तुमच्या घरी अशी फाईल असेल, तर नवा कागद लावताना मागचे काढून बघा, मोठ्यांनाही दाखवा. आणि माझ्यासाठी एवढंच मागा: दर तीन महिन्यांनी मास्तरांचा एक कागद माझ्यात येत राहो, इतकी वर्षं, की मी फुगून फुगून फाटून जाईन.