पाठीतला तांदळाचा दाणा

मी गिटार बोलतेय. विजेवर वाजणारी. जरा जवळ या, कारण वायर लावलेली नसली की माझा आवाज हातभर अंतरापलीकडे जात नाही. भिंतीवर मी मोठ्या ठसक्यात दिसते, पण बटण दाबल्याशिवाय माझं कुणी ऐकत नाही.

जन्म कारखान्यातला, त्याचं काही कौतुक नको. रंग मात्र मला छान मिळाला होता, दुधावरच्या सायीसारखा. पहिल्या मालकाचा उत्साह सहा महिन्यांत आटोपला. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यानं लखनौ सोडलं, तेव्हा कपाटावरून मला समीरनं उचललं.

समीर लखनौच्या निशातगंज भागात भाड्याच्या घरात राहायचा आणि एका कंपनीत नोकरी करायचा. शहर सोडून निघालेल्यांकडून जुन्या गिटारी घ्यायच्या, पुसायच्या, नव्या तारा चढवायच्या, बाल्कनीतल्या कोवळ्या उन्हात फोटो काढायचे आणि चांगल्या भावाला विकायच्या, हा त्याचा जोडधंदा. वाजवायचाही गोड हो. पण जीव म्हणून लावायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, माल आहे. मला मेलं ते ऐकून फार लागायचं.

दिवसभर घरात आम्ही दोघीच, मी आणि त्याची आई. पद्माकाकू कराडच्या. नवरा गेल्यावर लेकाकडे आलेल्या. सब्जीवाल्या भैयाशी तोडकंमोडकं हिंदी झालं, शेजारणीकडे बघून हसून झालं, की त्यांचं दिवसाचं बोलणं संपायचं. समीरला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर कायम हिंदीत आणि नजर फोनमध्ये. "हाँ मम्मी, अच्छा." झालं.

म्हणून काकू माझ्याशी बोलायच्या. मला पुसता पुसता, मेथी जून निघाली, जाऊबाईंचा फोन नाही, असलं सगळं. एकदा त्यांनी माझी जाड तार बोटानं छेडली, कान जवळ आणला आणि म्हणाल्या, "तुझंही या घरात कुणाला ऐकू जात नाही वाटतं?" त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

आणि मग आली खंडेनवमी. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा करायची असते. काकूंनी पाटावर विळी मांडली, कात्री मांडली, समीरचा स्क्रूड्रायव्हर मांडला आणि शेवटी मला आणून भिंतीला टेकवलं. लेकाला माझ्यामुळे चार पैसे मिळतात, मग मला कशा वगळतील? ओली हळद आणि वर कुंकू, माझ्या पांढऱ्या छातीवर अगदी मधोमध. जुन्या रंगाला केसासारख्या भेगा असतात. हळद आत उतरली ती उतरलीच.

नेमकं त्याच संध्याकाळी लष्कराच्या छावणीतून एक गिऱ्हाईक यायचं होतं. आलं, डागाकडे बघून तोंड वाकडं केलं आणि गेलं. समीरनं पॉलिश घासघास घासलं. कुंकू निघालं, हळद काही निघेना. तो ओरडला नाही, नुसता मटकन बसला. मम्मी, ही तर विकायची होती, असं हिंदीत म्हणाला. काकूंनी विचारलं, "वाजते ना अजून?" त्यानं पॉलिशची बाटली बंद केली.

खरं सांगू? मी मनातून भलतीच खूश होते. डागामुळे मला कुणी घेईना आणि मी त्या घरात राहिले. दुसरी खंडेनवमी पाहिली. काकूंचं बोलणं ऐकायची मला इतकी सवय झाली की समीरचा हात लागला की आता विकतो की काय असं वाटायचं.

पण तो पक्का व्यापारी. मोटारसायकलींना रंग देणाऱ्या एकाकडून त्यानं मला काळी कुळकुळीत करून आणलं. लगेच भावही चांगला ठरला. निघायच्या दिवशी काकू चिमूटभर तांदूळ घेऊन आल्या. समीरनं त्यांना दारातच अडवलं. हळद नको, कुंकू नको, तांदूळही नकोत, असं त्यानं हिंदीत बजावलं. तो बॅग आणायला आत गेला तेवढ्यात काकूंनी ते तांदूळ माझ्या पाठीवर टाकलेच. पाठीच्या झाकणाला तारा ओवायच्या खाचा असतात. एक दाणा त्यातून आत गेला. काकूंनी माझ्या मानेवरून हात फिरवला. "जाते म्हणू नये हं," त्या हळूच म्हणाल्या, "येते म्हण."

मी म्हणाले. वायर लावलेली नव्हती.

पुढे मालक बदलत गेले. कुणी बदली झाली म्हणून विकलं, कुणी कंटाळून. नवा माणूस मला हलवून बघायचा, आतून खडखड ऐकू यायची, स्क्रू सुटलाय म्हणायचा आणि भाव पाडायचा. पाडोत बापडे. झाकण उघडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत आणि मीही तो दाणा पोटातल्या, तारांना ताण देणाऱ्या स्प्रिंगांखाली जपून ठेवला. चौकातल्या एका दुकानात मी कितीतरी दिवस लटकले. तिथं माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. 'येते' म्हणाले होते मी, पण माझे मला पाय नाहीत.

एके दुपारी दुकानात समीर आला. केस पांढरे व्हायला लागलेले. त्याच्या हातून इतक्या गिटारी गेल्या, मला कसा ओळखणार? त्यानं सवयीनं मला हलवलं. खडखड. दुकानदार स्वतःहूनच कमी करायला तयार झाला. समीरनं स्क्रूड्रायव्हर मागितला आणि पाठीचं झाकण काढलं. दाणा त्याच्या तळव्यावर पडला.

दारात अडवलेली आई आणि तिच्या चिमटीतले तांदूळ त्याला आठवले असावेत. त्यानं दाणा होता तिथंच ठेवला, झाकण लावलं आणि सांगितलेली पूर्ण किंमत दिली. त्याला घासाघीस न करता पहिल्यांदाच पाहिलं मी.

घर तेच होतं, पण दाराला कुलूप होतं. ते त्यानंच उघडलं. माझ्या जुन्या खुंटीशेजारी काकूंचा फोटो होता, हार घातलेला. मला खुंटीला टांगून तो त्या फोटोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, ही आली बघ."

आता मी विकायची नाही. तो रोज ऑफिसातून आला की माझ्याजवळ बसतो आणि दिवसभराचं सगळं सांगतो, मराठीत. तुमच्या घरात कुणी हळू आवाजात बोलणारं असेल तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा, एवढंच माझं मागणं. समीर मराठी फार छान बोलतो हो. काकूंनी ऐकायला हवं होतं.