डोणीपाशी धरलेलं बाळसं

मी एक जुनी दगडी डोण आहे. मेंढ्यांची पाणी प्यायची डोण. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट ऐकून माझं कौतुक करू नका. कौतुकानंच माझा घात केला. तो माझ्या एकटीचा झाला असता, तर मी तोंडही उघडलं नसतं.

एका पाथरवटानं अख्ख्या काळ्या दगडातून मला कोरलं. सतरा दिवस त्याची छिन्नी माझ्या पोटात खणखणत होती. मग मला आणून ठेवलं ते कोरड्या ठणठणीत माळावर. वर्षाकाठी चार सरी आल्या तर आल्या, बाकी ऊन आणि वारा. विहिरीवरून माझ्यात पाणी सोडलं आणि शंभरेक मेंढ्या धावत आल्या. त्यांच्या पिण्याचा आवाज ऐकून मी काय हरखले म्हणून सांगू!

मेंढ्या मावशीच्या. सगळे तिला मावशीच म्हणत, फक्त तिचा धाकटा भाऊ ताई म्हणे. हा भाऊ गवंडी. दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही आणि भांडल्याशिवाय दिवस मावळायचा नाही.

काही वर्षांनी माझ्या बुडाशी चीर गेली, केसाएवढी. पाणी थेंब थेंब झिरपू लागलं आणि माझ्या पायाशी गवत उगवलं. आजूबाजूला सगळा माळ करपलेला आणि इथे चार घोंगड्या अंथराव्यात एवढा हिरवागार तुकडा. येणारा-जाणारा थांबून बघायचा.

गवंडी दर वर्षी म्हणायचा, "ताई, सिमेंटचं एक बोट फिरवतो. दोन मिनिटांचं काम."

"हात लावून तर बघ!" मावशी उसळायची. "एवढंच हिरवं आहे या माळावर. माझ्या लेकरांच्या तोंडचं काढतोस होय रे?"

आणि मी? मी मनात म्हणायचे, विसरू दे याला सिमेंट. मला माझी चीर फार आवडायची, मित्रांनो. खरं सांगायला लाज वाटते, पण आवडायची.

मग ते साल आलं. त्या हंगामात जन्मलेल्या कोकरांत माद्या अकराच निघाल्या. म्हाताऱ्या मेंढ्यांचे दात पडत चालले होते. पुढचा कळप उभा राहायचा तो या अकरांच्याच जिवावर. त्यातली टिक्की सगळ्यांत लहान. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिक्की. तिची आई विताना गेली आणि मावशीनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं. ती मावशीच्या पायात पायात करायची. मावशी ओरडायची, "अगं, पाडशील मला!" आणि लगेच खाली वाकून तिला उचलायची.

चार सरी पडून गेल्या. बाकी कळप लांब माळावर चरायला जाई, पण मावशीनं अकरांना माझ्याभोवती कुंपण घालून ठेवलं. "एवढ्याशा पायांनी कशाला वणवण? इथे बसल्या जागी कोवळं खातील." त्यांनी माझ्या पायाशी पोटभर खाल्लं. संध्याकाळी कळप पाण्यावर यायचा आणि त्याच ओल्या गवतात लेंड्या टाकून जायचा. मी बघत होते. त्यात काय आहे हे मला तेव्हा कळत नव्हतं.

महिनाभरानं टिक्कीच्या जबड्याखाली भरल्यासारखं दिसू लागलं. मावशी हरखून गेली. "बघ रे, कसं बाळसं धरलंय माझ्या पोरीनं!"

"तुझ्यावर गेलीय. खाऊन नुसती बसते," गवंडी म्हणाला.

दोघंही हसली. मीही सुखावले. पण टिक्की पाण्यात तोंड बुडवायची तेव्हा तिची जीभ मला अगदी जवळून दिसायची. चुन्यासारखी पांढरी होती ती. ते मला खटकलं. तरी मी स्वतःची समजूत घातली, की एवढं हिरवं खाणाऱ्याला काय होणार?

एका सकाळी एक कोकरू उठलंच नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मावशीनं हंबरडा फोडला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी टिक्कीला गुडघ्यांत धरलं आणि तिची खालची पापणी अंगठ्यानं उलटली.

"मावशी, इथे लाल दिसायला हवं. हे बघा, कोऱ्या कागदासारखं झालंय. पोटात जंत आहेत, रक्त पितात. अंगात रक्त नाही म्हणून जबड्याखाली पाणी उतरलंय."

"पण ते तर बाळसं..." मावशी म्हणाली.

"सूज आहे ती. कोरडा काळ हे जंत मेंढ्यांच्या पोटात दबा धरून काढतात. सरी पडल्या की जागे होतात आणि लेंड्यांतून त्यांची अंडी बाहेर पडतात. उघड्या माळावर ऊन त्यांना जाळतं. पण इथे..." त्यांनी माझ्या पायाशी बोट दाखवलं. "इथे बारमाही ओल. कोकरं गवताबरोबर जंतांची पिल्लंच खात होती."

मित्रांनो, दगडाला घाम फुटत नाही असं म्हणतात. मला विचारा.

अंदाजपंचे काही नाही. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक कोकरू काट्याला टांगून वजन केलं आणि त्या मापानं औषध पाजलं. कोकरांना कोरड्या जागी हलवलं. टिक्कीला उभं राहवत नव्हतं. मावशी तीन दिवस तिच्याजवळून हलली नाही. चौथ्या दिवशी टिक्कीनं बाटलीला तोंड लावलं, आणि मावशी भावासमोर माझ्या काठावर डोकं टेकून रडली. "मीच मारलं रे त्या तिघांना. लाडानं मारलं."

मला ओरडून सांगायचं होतं, तू नाहीस गं, मी! पण दगडाला कुठली वाचा?

त्याच दुपारी तिनं स्वतः सिमेंट कालवलं. गवंड्यानं बोट फिरवलं. खरंच दोन मिनिटं लागली. आठवड्याभरात माझ्या पायाशी धूळ उडू लागली. आता माझ्यापाशी थांबून कुणी बघत नाही, आणि ते बरंच आहे.

दोन वर्षांनी टिक्की व्याली. महिन्या-दीड महिन्याचं तिचं पोर पाण्यावर आलं, तसा गवंडी बोलून गेला, "बाळसं धरलंय हं, ताई!" आणि त्यानं जीभ चावली. मावशी हसली नाही. तिनं पोराला गुडघ्यांत धरलं, पापणी उलटली, जबड्याखाली बोटं फिरवून पाहिली. पापणी लालभडक होती. जबड्याखाली सूज नव्हती.

"हो," ती म्हणाली. "हे बाळसंच आहे."

तेव्हा मित्रांनो, लाड खुशाल करा. पण ज्याच्यावर जीव लावता, त्याची पापणी अधूनमधून उलटून बघत जा. आणि माझ्यासारखं कुणी झिरपत असेल, तर त्याचं कौतुक करत बसू नका. त्याची चीर बुजवा. मला ती बुजवून हवी होती, फक्त तीन कोकरं आधी.