दोन पानांचा पळस

मी एक जुना लाकडी ठसा आहे. मित्रांनो, तुमच्या माजघरातल्या संदुकीचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली एक काळा ठोकळा सरकवलेला आहे. तोच मी. माझे तोंड जमिनीकडे असते, त्यामुळे मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते. काल सारवण करताना तुम्ही मला बाहेर काढलेत, पदराने पुसलेत आणि माझ्या तोंडावरची पाने पाहून हरखून गेलात. किती वर्षांनी कोणी माझ्याकडे पाहिले म्हणून मीही सुखावलो. मग तुमच्यापैकी कोणीतरी म्हणाले, "याचं एक पान तुटलं. सुताराकडून लावून घेऊ." तुमचे मन चांगले आहे, हे मला कळते. पण ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. म्हणून आज मला बोलावेच लागणार.

मूळचा मी मेळघाटातला साग. अचलपूरच्या एका कारागिराने मला तासले, घासले आणि माझ्या तोंडावर पळसाची तीन पाने कोरली. एक वर आणि दोन बाजूंना. प्रत्येक पानाच्या शिरासुद्धा त्याने सोडल्या नाहीत. एका रंगाऱ्याने मला लुगड्यांचे काठ छापण्यासाठी घेतले. लाल रंगात बुडायचे आणि बायकांच्या पावलांपाशी मिरवायचे, असे माझे सुखाचे दिवस होते. पण विलायतेहून यंत्रावर छापलेले स्वस्त कापड बाजारात आले आणि रंगाऱ्याच्या दारात गिऱ्हाईक फिरकेना. तो माशा मारत बसू लागला. शेवटी त्याने आम्हा साऱ्या ठशांचा ढीग बाजारात मांडला. त्या ढिगात पडल्या पडल्या मला पहिल्यांदा कळले की, सातासमुद्रापलीकडे कोणी काही केले तर त्याचा धक्का अचलपूरच्या ठोकळ्यालाही बसतो.

त्या बाजारात किसनराव नावाचे शेतकरी आले होते. भातकुलीच्या पलीकडे, पेढी नदीच्या काठी त्यांचे पळसडोह नावाचे गाव. गाव एवढे लहान की भातकुलीच्या माणसालाही तिकडे जायचे तर वाट विचारावी लागे. माझ्यावरची पाने पाहून किसनराव हसले. हे तर आपलेच गाव, असे म्हणून त्यांनी मला उपरण्यात बांधले. अमरावतीच्या बाजारात गावोगावची रुई येऊन पडे. रुई ठासून भरलेल्या मोठ्या थैल्याला आमच्याकडे बोजा म्हणतात. बोज्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून किसनराव काजळी आणि जवसाच्या तेलात मला बुडवून प्रत्येक बोज्यावर माझी तीन पाने उमटवू लागले. लुगड्याच्या काठावरून मी एकदम थैल्यावर आलो. सुरुवातीला मला ते कमीपणाचे वाटले, खोटे कशाला सांगू.

किसनराव पुढे पटकीच्या साथीत गेले. शेत पडले त्यांच्या बायकोच्या, गोदाबाईच्या अंगावर. बाजाराचा व्यवहार तिचे दीर खुशालराव पाहू लागले. ते गावचे पाटील. गोदाबाई जिभेची तिखट आणि हाताची स्वच्छ होती. दव वाळल्याशिवाय ती कापसाला हात लावू देत नसे, कारण ओला कापूस वजनाला भरतो, पण आतून कुजतो. पांढरा कापूस कमरेला बांधलेल्या एका ओटीत, म्हणजे कापडी झोळीत, आणि किडका, डागाळलेला, म्हणजे कवडी, दुसऱ्या ओटीत. रेच्यावर, म्हणजे हाताने फिरवायच्या लाकडी चरकावर, सरकी काढतानाही तिचा डोळा असे. शेजारच्या गावच्या बाया हसत. गोदाबाईच्या वेच्याला, म्हणजे कापूस वेचायला, जाणारीला जेवायला संध्याकाळच होते, म्हणत. पहिल्या वेच्याच्या दिवशी शेतात सीतादहीची पूजा होई. दहीभाताचा नैवेद्य दाखवला की गोदाबाई मला कुंकवात बुडवी आणि नव्या ओटीवर माझी तीन पाने उमटवी. तो दिवस माझा सण असे.

अशात अमेरिकेत आपसात लढाई जुंपली. तिथला कापूस तिथेच अडकला आणि विलायतेतल्या गिरण्या उपाशी मरू लागल्या. एरवी ज्यांना वऱ्हाड कुठे आहे हे माहीत नव्हते, ते वऱ्हाडच्या कापसाच्या मागे लागले. अमरावतीच्या वाटांवर बैलबंड्यांची रांग संपेना. भाव असे चढले की लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीची शेंबी बसवली.

एके दिवशी अमरावतीहून मोरोपंत नावाचे कारकून छकड्यात बसून पळसडोहला आले. आमची रुई घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीवर ते काम करत. त्यांनी साऱ्यांना सांगितले की, तीन पानांच्या बोज्यांना मुंबईत वेगळा भाव लागला आहे. तिथे बोजे फोडतात, रुई यंत्रात दाबून तिच्या गाठी बांधतात आणि त्या गाठी जहाजात चढतात. आता त्या गाठींवरही तीन पाने हवीत म्हणून मुंबईत माझ्यासारखाच दुसरा ठसा कोरून घेतला होता. विलायतेच्या बंदरात लोक तीन पानांची गाठ नाव घेऊन मागत होते.

मला भाऊ झाला होता, मित्रांनो. त्याने समुद्र पाहिला असेल. माझी पाने सातासमुद्रापार गेली, पण मी मात्र पळसडोहला आल्यापासून वेशीबाहेर पाऊल टाकले नव्हते. त्या रात्री भिंतीतल्या माझ्या देवळीत पडून मी त्याचाच विचार करत होतो. तोही कधी माझा विचार करत असेल का, हे मला आजवर कळलेले नाही.

मोरोपंतांनी गिरण्यांतल्या कामकरी बायकांचेही सांगितले. कापूस नव्हता तेव्हा त्यांची चूल बंद होती, आता पुन्हा पेटली. खराब कापूस आला की धुरळा उडतो आणि त्या दिवसभर खोकत राहतात. गोदाबाई रेचा फिरवायची थांबली.

"तिथच्या बायाईले आमचं गाव मालूम हाये का जी?" तिने विचारले.

"गाव नाही हो बाई," मोरोपंत म्हणाले. "पण तीन पानं माहीत आहेत. ती दिसली की त्यांना बरं वाटतं."

गोदाबाईने रेचा पुन्हा फिरवायला घेतला. दुसऱ्या दिवसापासून मात्र शेतात एक नवी बाई आली. ती दिसत नसे, पण तिचे नाव सारखे निघे. बाया तिला सोयरीण म्हणू लागल्या. कोणी कापसात पातेरे राहू दिले की दुसरी ओरडे, "नीट येच वं, सोयरीणले ठसका लागन." मग साऱ्या हसत. भाकरी सोडताना कोणी म्हणे, सोयरीण आज काय जेवली असेल. थट्टाच होती ती, पण हळूहळू थट्टेचा जिव्हाळा झाला. कोणी पाहुणा विचारी, ही सोयरीण कोण, तर गोदाबाई सांगे की ती दूर दिली आहे.

भाव मात्र वाढतच गेले आणि माणसांची नियत उतरत गेली. कोणी रुईवर पाणी शिंपडी, कोणी सरकी तशीच ठेवी, कोणी काळ्या मातीची ढेकळे आत दडवी. बाजारात सारे खपत होते. तीन पानांचा भाव पाहून इतर गावांचे लोक खुशालरावांकडे येऊ लागले. आमच्याही मालावर तुमची पाने उमटवा, फायद्यात वाटा घ्या, असे त्यांचे म्हणणे. खुशालराव वाईट माणूस नव्हते. पण आजूबाजूला सोन्याची कडी दिसू लागली की हात मोकळा बरा दिसत नाही. एक दिवस गोदाबाई शेतात असताना त्यांनी मला देवळीतून काढले आणि परक्या बोज्यांवर माझी पाने उमटवली. त्या बंड्या लगेच अमरावतीला निघून गेल्या. मला तोंड होते, पण बोलता कुठे येत होते?

दुसऱ्या दिवशी आणखी बंड्या आल्या. तेवढ्यात गोदाबाई शेतातून परतली. अंगणात अनोळखी बोजे पाहून तिने एकाचे तोंड सैल केले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर आला तेव्हा तिच्या मुठीत ओली रुई, सरकी आणि मातीचे ढेकूळ होते. तिने ते खुशालरावांपुढे धरले आणि विचारले, हे सोयरिणीला पाठवायचे का?

खुशालरावांची मान खाली होती, पण माघार घेववेना. "वैनी, साऱ्या वऱ्हाडात हेच चालू हाये," ते म्हणाले. "आपुनच काहून मांगं राहाचं? कोठीबी जा, पळसाले पानं तीनच."

अंगणात सुताराची पटाशी पडली होती. रेचा दुरुस्त करायला तो आला होता. गोदाबाईने मला खुशालरावांच्या हातातून घेतले आणि उखळाच्या कडेवर उताणे ठेवले. वरच्या पानाच्या बुडाशी पटाशी लावली आणि दगडाने घाव घातला. फार दुखले, मित्रांनो. दुसऱ्या घावाला माझे पान उडून धुळीत पडले.

"याले आता दोनच हायेत," ती म्हणाली. "लाव आता कोणाच्याबी मालाले."

परक्या बंड्या आल्या तशा परत गेल्या. मग पार्वताबाई, जी रोज गोदाबाईच्या शेजारच्या ओळीत कापूस वेची, रडवेली होऊन म्हणाली की आपल्या चांगल्या मालाचे आता काय व्हायचे. तिचे खरे होते. तीन पाने नाहीत म्हटल्यावर आमचा पांढराशुभ्र कापूस त्या वर्षी बाजारात साऱ्यांच्या ढिगात पडला आणि ढिगाच्या भावाने गेला. बायांनी गोदाबाईला दोष दिला. खुशालरावांनी तिच्याशी बोलणे टाकले. वेच्याच्या वेळी सोयरिणीचे नाव काढायला कोणी धजेना. संध्याकाळी गोदाबाई एकटीच ओट्यावर बसे आणि अंगठा माझ्या तासलेल्या जागेवरून फिरवी. तिच्या बाजूने कोणी नव्हते आणि माझ्याही बाजूने कोणी नव्हते.

पुढे मोरोपंत पुन्हा आले, ते अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी घेऊन. भाव कोसळले होते. ज्यांनी शिंगांना चांदी मढवली होती त्यांनी ती उतरवून विकली. मोरोपंतांनी आणखी एक गोष्ट सांगितली. खुशालरावांनी पहिल्या दिवशी पाठवलेले परके बोजे मुंबईत फोडले तेव्हा त्यांतून ढेकळे निघाली. तो सारा माल तिथेच बाजूला काढला गेला आणि तीन पानांची पत गेली. मुंबईचा ठसा कोणी तरी खणात टाकून दिला. खुशालराव दारात उभे होते. ते ऐकून घरात निघून गेले.

गोदाबाईने एवढेच विचारले, "तिच्यापावत गेलं नाई ना?"

"नाही," मोरोपंत म्हणाले. "जहाजात चढलंच नाही."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि पुष्कळ दिवसांनी तिने पदराने डोळे पुसले.

जाताना मोरोपंतांनी सांगितले की, विलायतेहून एकदा विचारणा झाली होती, ती तीन पाने येणे का थांबले? काय कळवावे? गोदाबाईने मला हातात घेतले. मग म्हणाली, "पान गळलं म्हणा."

नंतर बडनेऱ्याला आगगाडी आली. वाफेवर चालणारी सरकी काढायची यंत्रे आली. जगात अमरावतीचे नाव झाले आणि पळसडोह त्या नावाखाली झाकून गेले. मला त्याचे वाईट वाटत नाही. एवढ्याशा गावाची आठवण कोणी काढली होती, हेही काही थोडे नाही. गोदाबाईने मात्र मला टाकले नाही. दरवर्षी सीतादहीच्या दिवशी ती मला कुंकवात बुडवी आणि ओटीवर दोन पाने उमटवी. वरची जागा कोरी राही. एका वर्षी खुशालराव न बोलता येऊन पूजेला बसले आणि कुंकवाची वाटी त्यांनीच पुढे केली. गोदाबाईमागे तिची नात वच्छला हे करत होती. वच्छला गेली आणि माझी गोष्टही तिच्याबरोबर गेली. मग मी देवळीतून फडताळात, फडताळातून अडगळीत आणि अडगळीतून संदुकीखाली आलो. इतकी वर्षे मी जमिनीशी बोलतो आहे आणि जमीन काही उत्तर देत नाही.

कधी कधी मुंबईतला भाऊ आठवतो. कुठल्या तरी बंद खणात तो पडला असेल. त्याला तीन पाने आणि मला दोन. उद्या समोरासमोर आलो तरी आमची ओळख पटायची नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, सुताराला बोलावू नका. मला संदुकीखाली पुन्हा घातलेत तरी चालेल, तिच्या पायाला आधार देणे हेही कामच आहे. पण त्याआधी एकदाच मला कुंकवात बुडवा आणि एखाद्या पांढऱ्या कापडावर दाबा. दोन पाने उमटतील आणि वर एक जागा कोरी राहील. ती जागा तुटलेली नाही. दूर दिलेल्या एका बाईला ठसका लागू नये म्हणून गोदाबाईने ती रिकामी केली आहे. ती तशीच रिकामी राहू द्या.