पट्ट्यावरची जाळी

मानाजीरावांचा उजवा हात गिरणीच्या पट्ट्यात गेला आणि त्याच आठवड्यात गिरणीत कोहळा आला. चांगला थोरला, जवळच्या वरुणा गावाहून भाताच्या गाडीबरोबर मागवलेला. गिरणीमालक जगन्नाथरावांनी त्यावर कुंकू थापलं, कापूर लावला, कोहळा इंजिनापुढे फोडला आणि म्हणाले, "यंत्राला दृष्ट लागली होती. गेली."

मानाजीरावांची बायको अंबुबाई दारातून हे बघत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. दृष्ट कसली डोंबलाची! सरकारी कायद्याने पट्ट्यावर बसवायची लोखंडी जाळी कोठीत पोत्यांमागे धूळ खात पडली होती. तपासणीचा साहेब यायचा, तोही आधी वर्दी देऊन. त्या दिवशी जाळी चढायची, आणि साहेबाचा टांगा गिरणीच्या लष्कर मोहल्ल्याबाहेर पडला की उतरायची. जाळी असली की घसरलेला पट्टा सारखा करायला इंजिन थांबवावं लागे, आणि तेवढा वेळ मालकांना सोसत नव्हता.

मालकांचं एक सोडा. गड्यांनाही ती जाळी नको होती, याचा अंबुबाईला जास्त संताप होता. महाराजांच्या फौजेत घोडे नाचवणाऱ्यांची ही नातवंडं! खंडेनवमीला आजोबांची गंजकी तलवार पुजायची आणि गिरणीत चालता पट्टा उघड्या हाताने सरकवून मर्दुमकी दाखवायची. "जाळीआड बायका बसतात," असं मानाजीराव हसून म्हणायचे. आता ते घरी घोंगडीवर तापाने फणफणत होते.

"भुजंगराव, दादाच्या जागी आता तू," जगन्नाथराव म्हणाले. "घर चालायला पाहिजे, हौदा? होय ना?"

भुजंगराव म्हणजे अंबुबाईचा धाकटा दीर, नुकताच बाप झालेला. त्याने धोतर खोचलं आणि पुढे झाला.

"भाऊजी, बेडा! नको!" अंबुबाई आत घुसली. "आधी जाळी लावा."

"वहिनी, चारचौघांत माझी लाज काढू नका. पट्ट्याला भिणारे का आम्ही?"

"आणि जाळी कशाला? कोहळा दिला की," जगन्नाथराव म्हणाले. "आता देवी राखेल. सुरू करा रे!"

पट्टा फटफटत फिरू लागला. अंबुबाईने पाटावरची कुंकवाची वाटी उचलून मालकांच्या नाकासमोर धरली.

"मग धनी, पट्ट्याला कुंकू तुम्हीच लावा. चालत्या पट्ट्याला. देवी राखेल की!"

सगळे बघत होते. जगन्नाथरावांनी चिमूट घेतली, पट्ट्यापाशी गेले. वाऱ्याने उपरण्याचं टोक पट्ट्याकडे फडफडलं, तसे ते उपरणं छातीशी कवटाळून मागे सरले.

"ओल आहे इथं. पाय घसरेल," ते पुटपुटले.

कोणी हसलं नाही. भुजंगराव मालकांच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने इंजिन बंद करायला लावलं आणि कोठीतून जाळी फरफटत आणली.

"कामावरून काढीन!" जगन्नाथराव ओरडले.

"काढा," भुजंगराव म्हणाला. आणखी दोन गडी जाळी धरायला पुढे आले.

अंबुबाईला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती उभ्या उभ्या बघत होती. जाळी टेकवली, चार खिट्ट्या आवळल्या, झालं. एवढंच काम होतं. एवढं केलं असतं तर हात राहिला असता. ती तिथेच मटकन खाली बसली आणि मोठमोठ्याने शिव्या देत रडू लागली. मालकांना, साहेबाला, आणि घरी निजलेल्या आपल्या त्या शूर माणसालाही.