पोट कुणाचं

भाईंदरजवळच्या नया नगरमधल्या एका बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, नूरबानू चाचींची नस चुकली तेव्हा संघप्रिया गायसमुद्रेला स्वतःचाच भयंकर राग आला. चौदा वर्षं ती लॅबसाठी घरोघर जाऊन रक्त घेत होती. इंद्रलोकपासून उत्तनपर्यंत पेशंट तिचं नाव सांगून तिलाच मागत, कारण तिचा हात हलका होता. केमोनं नसा जळालेल्या बाईचं रक्तही ती एका टोचण्यात काढायची. आणि आज साधी साखर तपासायची होती, तर सुई दोनदा आत गेली आणि दोनदा कोरडी बाहेर आली. चार जिने चढून दहा मिनिटं झाली होती, तरी तिचा श्वास जागेवर आला नव्हता आणि धापेबरोबर सुई हलत होती.

चाचींनी कोपरावर कापूस दाबून धरला. "बेटा, तू पहले बैठ जा. मेरा खून कहीं भागा नहीं जा रहा."

ती बसली. प्लास्टिकची खुर्ची करकरली. चाचींनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि उठून पंखा वाढवला. तिसऱ्या वेळी रक्त आलं.

खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर गुडघे धरून ती उभी राहिली आणि मोबाइलमध्ये साठवलेला एक फोटो उघडला. तो तिच्या फिजिशियनच्या चिठ्ठीचा होता, आठ महिन्यांपूर्वीचा. उंची पाच फूट दोन, वजन एकशे बारा, साखर, रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास, आणि सगळ्यात खाली एका सर्जन बाईंचं नाव. पोटाच्या ऑपरेशनचा विचार करा, असं फिजिशियननी तेव्हाच सांगितलं होतं. दुर्बिणीतून आत जाऊन पोटाची पिशवी उभी कापतात, मोठा भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. आठ महिने ती याबद्दल वाचत होती आणि कुणाशी बोलत नव्हती. त्या जिन्यातच तिनं सर्जन बाईंना फोन लावला.

डॉक्टर मनोरमा परुळेकर पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आधी सगळं वाईट सांगून टाकलं. टाक्यांतून गळती होऊ शकते. उलट्या होतात. केस गळतात. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. खाण्यावर लक्ष ठेवलं नाही तर वजन परत चढतं.

"कापलेलं पोट परत लावता येत नाही," त्या म्हणाल्या. "घाई नको. पुढच्या वेळी घरातलं कुणीतरी घेऊन या. नंतरचे काही महिने घरच्यांना माहीत असलेलं बरं."

संघप्रियाला त्या आवडल्या. वजनावरून तिला गोड बोलून फसवणारे आणि टोचून बोलणारे पुष्कळ भेटले होते. सरळ बोलणारं पहिल्यांदाच कुणी भेटत होतं.

घरी सांगायचं म्हणजे नवऱ्याला आणि सासूला. तिला वाटलं होतं, दोघं खूश होतील. बारा वर्षं या घरात तिच्या वजनावर बोलणं झालं नाही असा आठवडा गेला नव्हता. निकेत तिला भावांसमोर 'आमचा जेसीबी' म्हणायचा. गेल्या चौदा एप्रिलला, मिरवणुकीआधी सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचा होता, तर तो म्हणाला होता, "तू मागं उभी राहा गं, बाकीचे दिसत नाहीत." पांढऱ्या साडीत ती गुपचूप मागं गेली होती. सासूबाई, सरोजाबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, पोरगी गुणाची हाय, फक्त अंगानं सुटली.

त्या संध्याकाळी तिनं चहाबरोबर विषय काढला, तर निकेतनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"ऑपरेशन? कशाला? एवढं काय झालंय तुला?"

"एकशे बारा किलो झालंय."

"अगं, थोडी जाड आहेस. बस्स. जगात काय तूच एक आहेस? रोज तासभर चाल, भात सोड. हे ऑपरेशन वगैरे शॉर्टकट आहे."

"धडधाकट बाईनं पोट कापून घ्यायचं," सरोजाबाई म्हणाल्या. "उगं कुणी करतं का असं? कमी खायचं की जरा."

संघप्रिया त्या दोघांकडे बघत राहिली. बारा वर्षं जी जाडी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपत होती ती आज एका मिनिटात 'थोडी' झाली होती. चहाचा कप तिनं इतक्या जोरात ठेवला की बशीचा टवका उडाला.

"डॉक्टरनं घरातलं माणूस बोलावलंय," ती म्हणाली. "शनिवारी. निकेत, तू येतोयस."

तो आला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच खुर्ची पुढं ओढून बोलायला लागला. "मॅडम, खरं सांगतो, हिला कंट्रोल नाही. आम्ही किती सांगितलं. मुळात ही चोरून खाते. त्याला ऑपरेशन काय करणार?"

डॉक्टर वही उघडून बसल्या होत्या. त्यांनी संघप्रियाकडे वळून विचारलं, "दिवसभरात काय काय खाता? उठल्यापासून सांगा."

ती सांगायला लागली तेव्हा आवाज बारीक होता. उपाशीपोटीची सँपल असतात म्हणून सहाला घर सोडते, चहा आणि दोन खारी. मग थेट दुपारी दोन-अडीचला, तोवर भुकेनं डोकं दुखत असतं, वडापाव मिळाला तर वडापाव. हे सांगताना तिचा आवाज वाढत गेला.

"आणि रात्री सगळ्यांचं झालं की मी बसते. कढईत उरलेली भाजी, पातेल्यातला भात, कुणी अर्धी टाकलेली भाकरी. आई म्हणतात, अन्न टाकायचं नसतं, प्रिया, तू संपव. मी संपवते. चोरून नाही खात, डॉक्टर. या माणसाच्या डोळ्यांदेखत खाते. तो ताट उचलून माझ्यापुढं सरकवतो आणि मग भावाला फोनवर सांगतो, आमची बघ कशी खाते."

निकेतचे कान लाल झाले.

"खाणं बदलावं लागेलच," डॉक्टर म्हणाल्या. "पण एवढं वजन, ही साखर, झोपेतला श्वास, हा आजार आहे. त्याला शिक्षा करून तो बरा होत नाही. उपचार करावा लागतो. कुठला करायचा ते तुम्ही ठरवा."

"मी सही करणार नाही," निकेत म्हणाला.

"सही यांची लागते. नातेवाईक फक्त साक्षीला असतात. तुम्हीच हवे असं काही नाही."

परतीच्या रिक्षात तो बाहेर बघत बसला. मग गोल्डन नेस्टच्या चौकात एकदम म्हणाला, "मला न विचारता जाशील?"

"जाईन."

"लोक काय म्हणतील याचा विचार केलास? म्हणतील, नवरा इतकं टाकून बोलला की बायकोनं पोट कापून घेतलं. तोंड मला दाखवायचंय सोसायटीत."

संघप्रियानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती स्वतःला समजावत आली होती की तो मस्करीत बोलतो, त्याला कळत नाही, मनानं चांगला आहे.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली. "काय बोलतोस आणि मला काय होतं, ते सगळं तुला माहीत होतं."

"तसं नाही म्हणायचं मला."

"तसंच म्हणालास. भैया, रोको इधर."

ती उतरली. गुडघे ठणकत होते तरी घरापर्यंतचा रस्ता चालत गेली. बोलायचं राहून गेलेलं सगळं वाटेत मनात उसळत होतं, आणि रागानं डोळ्यांत पाणी आलं याचाही तिला राग येत होता.

त्या रात्रीपासून तिनं सगळ्यांबरोबर बसायला सुरुवात केली. स्वतःचं ताट वाढून घ्यायची, तेवढं खायची आणि उठायची. उरलेलं डब्यात भरून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तोच डबा निकेतबरोबर ऑफिसला. तो कुरकुरला. तिनं ऐकलं नाही.

निर्णय मात्र एवढ्या लवकर झाला नाही. राग होता म्हणून पोट कापायचं नाही, हे तिला कळत होतं. डॉक्टरांनी तिला भाईंदरच्या एका बाईंचा नंबर दिला होता, रसिका नावाच्या, त्यांचं हेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालेलं. रसिका खरं बोलली. घाईत घास गिळला की अजून ओकारी येते, वाटीभर पुलाव संपत नाही, मधे बारा किलो परत चढले होते. "पण पोरीच्या शाळेचे तीन मजले मी चढते," ती म्हणाली. "तुमच्यासाठी करणार असाल तर करा. नवऱ्यासाठी अजिबात करू नका." संघप्रिया म्हणाली, त्याची चिंता नको.

ऑपरेशनला यायचंय असं तिनं हॉस्पिटलला कळवलं, त्याच दिवशी सरोजाबाई तिच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"शेवंता आठवते का तुला? माझी धाकटी बहीण. तू बघितलीच नाहीस म्हणा. परभणीला गर्भपिशवीच्या ऑपरेशनला नेली. हसत गेली बाई. टेबलावरच राहिली." त्या पदराशी चाळा करत होत्या. "मला वजनाचं काही नाही गं. मला त्या टेबलाचं भ्या वाटतं."

"मग इतकी वर्षं वजनाचं का बोलत होतात, आई?"

सरोजाबाई दाराची चौकट धरून खाली बघू लागल्या.

"भीती मलाही आहे," संघप्रिया म्हणाली. आवाजातली धार तिनं कमी केली नाही. "पण घरी बसूनही मी मरेनच. साखरेनं पाय जाताना रोज बघते मी लोकांचे. मला आता एक मजलाही धड चढवत नाही."

म्हातारीनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मला पटलं नाही. पण तू तिथं एकटी जायची नाहीस. सही कुठं करायची ते सांग."

पंधरा दिवस संघप्रिया ताक, सूप आणि प्रोटीनच्या पाण्यावर राहिली. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. सरोजाबाईंनी साक्षीदाराच्या रकान्यात एकेक अक्षर जुळवत नाव लिहिलं आणि ऑपरेशन संपेपर्यंत बाकावरून उठल्या नाहीत. निकेत संध्याकाळी आला, नारळपाणी घेऊन. तिला त्या दिवशी पाण्याचा घोटही चालत नव्हता. ते त्यानं विचारलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट होते. चमच्या-चमच्यानं पाणी प्यायचं, पोटात कळ, रात्रभर मळमळ. एकदा मुगाचं पाणी जरा भरभर प्यायली आणि अर्धा तास बेसिनपाशी वाकून राहिली. आपण हे काय करून घेतलं, असं तेव्हा तिला खरंच वाटलं. पण तिसऱ्या आठवड्यात ती कामावर गेली, आणि तीन महिन्यांत वजन नव्वदवर आलं.

मे महिन्यात एका संध्याकाळी ती आणि निकेत बाजारातून येत होते. गेटपाशी दशरथ भेटला, निकेतच्या ऑफिसातला, शेजारच्या विंगमध्ये राहणारा.

"वहिनी ओळखूच येत नाहीत," दशरथ म्हणाला. मग निकेतच्या पाठीवर थाप मारली. "मानलं यार तुला. बायकोसाठी एवढं कोण करतं?"

निकेत हसला. "अरे, सोपं नव्हतं. ऐकतच नव्हती. मागं लागून लागून करून घेतलं."

संघप्रियानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"दशरथभाऊ, हा खोटं बोलतोय," ती म्हणाली. "हा नको म्हणत होता. साक्षीची सही सासूबाईंनी केली. हा संध्याकाळी नारळ घेऊन आला."

दशरथचं हसू तोंडावर तसंच राहिलं. गेटजवळच्या कट्ट्यावरच्या दोन बायका भाजी निवडता निवडता थांबल्या.

"घरी जाऊन बोलू," निकेत दातांतून म्हणाला.

"इथंच बोलते. मी जाड होते तेव्हा दोष माझा होता. तेव्हा सोसायटीत कुणाला सांगितलं नाहीस, मी हिला असं केलं म्हणून. आता बारीक होतेय तर ते तू केलंस?"

तो वळून लिफ्टकडे चालू लागला. तिनं त्याला थांबवलं नाही. राग उतरला नव्हता आणि तो इतक्यात उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. दशरथ काहीतरी पुटपुटत बाजूला झाला. मग तिला आठवलं, बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या संपल्यात. पिशवी उचलून ती परत गेटबाहेर पडली आणि मेडिकलच्या दुकानाकडे निघाली.